तिऱ्हाईताला काय म्हणायचंय

"तुमचे जावई करतात तरी काय?" असे कोणी विचारले की सासूबाई आधी एक सुस्कारा सोडत आणि मग म्हणत, "करतात की! पुष्कळ करतात. आता नक्की काय, ते मात्र मला विचारू नका."

विचारणाऱ्याचे समाधान होत नसे, पण उत्तर खोटे नव्हते. जावईबापू शनिवारी संध्याकाळी एका वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवत. सोमवार ते शुक्रवार रेडिओवर 'सांजसूर' नावाचा कार्यक्रम करत; लोकांच्या आवडीचे संगीत लावत आणि मधल्या वेळात गोड गोड बोलत. रविवारी त्यांचे तिसरे रूप वर्तमानपत्राच्या पुरवणीत प्रकट होई. तिथे ते 'तिऱ्हाईत' या टोपणनावाने संगीतावर सदर लिहीत आणि शहरातल्या भल्याभल्यांची बिनपाण्याने करत. यातल्या कुठल्याही एका कामावर घर चालले नसते. तिन्ही मिळून मात्र तिवईसारखे बरे उभे होते, आणि एक पाय निखळला की बसणारा खाली, हे जावईबापूंना पक्के ठाऊक होते.

म्हणूनच तिऱ्हाईत कोण, हे फक्त संपादकांना आणि बायकोला माहीत होते. गुपित फुटले असते तर संपादकांनी ठरल्याप्रमाणे सदर बंद केले असते. वृंदाच्या मास्तरांनी तर क्लॅरिनेटसकट बाहेर काढले असते, कारण तिऱ्हाईताने त्यांना एकदा 'छडी हलवणारे सद्गृहस्थ' म्हटले होते आणि मास्तर ते अजून विसरलेले नव्हते. आणि ज्या निवेदकाने सगळ्या शहराला बनवले, त्याचे गोड बोलणे रेडिओवर कोणी ऐकले असते?

"काहीही झालं तरी आईला कळता कामा नये," बायकोने पहिल्याच दिवशी बजावले होते. "तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

सासूबाई त्यांच्याकडेच राहत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या आणि तिथे जेवढे ऐकले तेवढे आता बोलून काढत होत्या. वरच्या मजल्यावरच्या काकू केसांना रंग लावतात ही बातमी त्यांनी एका सकाळीत तळमजल्यापर्यंत पोचवली होती. गंमत अशी की या सासूबाई तिऱ्हाईताच्या निस्सीम भक्त होत्या. रविवारी सकाळी टोस्ट बाजूला सारून त्या सदर मोठ्याने वाचत, पोटभर हसत आणि वर जावयाला सुनावत.

"बघा, याला म्हणतात माणूस! एक काम धरलं आणि नीट केलं. शिका जरा त्याच्याकडून."

"हो," असे म्हणून जावईबापू कपात बघत.

त्या शनिवारीही सासूबाई फुकट पासावर पुढच्या रांगेत बसलेल्या होत्या. उत्तरार्धात चेलोवाल्या बाईंचा एकटीचा लांबलचक तुकडा होता. तेवढा वेळ क्लॅरिनेटला काम नव्हते. जावईबापूंनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवले आणि तिथेच घात झाला, कारण वादक मोकळा झाला की आतला तिऱ्हाईत जागा होई. 'बाई आज अशा वाजवत होत्या की खुर्ची पुढे ओढून घ्यावीशी वाटावी,' असे एक वाक्य त्यांना सुचले. वाक्य बरे होते. पण 'ओढून' बरे की 'सरकवून'? ओढली तर आवाज होणार, आणि आवाज होऊ नये असेच तर बाई वाजवत होत्या. म्हणजे 'सरकवून'च. या निर्णयाने प्रसन्न होऊन त्यांनी वर पाहिले. चेलो थांबलेला होता. मास्तरांची छडी त्यांच्याकडे रोखलेली होती आणि मास्तरांच्या भुवया जवळजवळ केसांत शिरल्या होत्या. जावईबापूंनी घाईघाईने क्लॅरिनेट तोंडात घातले आणि वाटेतच कुठेतरी सर्वांना गाठले.

"झोपला होतास का रे?" कार्यक्रम संपल्यावर मास्तरांनी दात ओठ खाऊन विचारले.

"नाही, मास्तर. ऐकत होतो."

"ऐकायला लोक तिकिटं काढून आलेत. तू वाजवायला आलायस! नशीब, कुणाच्या लक्षात आलं नाही. आता हे इथल्या इथे मिटवायचं. काय?"

ते इथल्या इथे मिटलेही असते. पण जावईबापू घरी येऊन सदर लिहायला बसले आणि पंचाईत झाली. सर्वांबद्दल लिहून झाले, आता क्लॅरिनेटचे काय करायचे? चूक वगळली तर तिऱ्हाईत कसला? तो घरचाच झाला. शिवाय कोणाच्या लक्षात आलेच असेल तर तो विचारणार, एवढे यांना कसे दिसले नाही? खूप विचार करून त्यांनी लिहिले: 'उत्तरार्धात क्लॅरिनेटवादक क्षणभर बाहेर फिरून आल्यासारखे वाटले.' लिहून झाल्यावर त्यांनी ते तीनदा वाचले. खरे सांगायचे तर प्रामाणिकपणाचा भाग थोडाच होता. वाक्य झकास जमले होते आणि जमलेले वाक्य खोडायला लेखकाला फार मोठे मन लागते. तेवढे त्यांना नव्हते.

रविवारी सासूबाई त्या ओळीपाशी आल्या आणि ठसका लागेपर्यंत हसल्या.

"फिरून आले! अहो, कुठे जाऊन आलात? मला सांगितलं असतंत तर येताना पाव तरी आणायला सांगितला असता!"

जावईबापू कपात बघून हसले. तेवढ्यात मास्तरांचा फोन आला.

"क्लॅरिनेट, वाचलंस?" मास्तर सर्वांना वाद्याच्या नावानेच हाक मारत. "हा माणूस आपल्या मुळावर उठलाय. सकाळपासून मला लोक विचारतायत, तुमचा क्लॅरिनेटवाला हवा खाऊन आला का म्हणून!"

"जाऊ द्या हो, मास्तर. कोण कुठला तिऱ्हाईत."

"जाऊ द्या? वृंदाची लाज तू घालवलीस, आता तूच राखायची. रेडिओवर आहेस ना? बोलाव त्याला तुझ्या कार्यक्रमात. एका बाजूला तो, एका बाजूला आपण दोघं. होऊन जाऊ दे समोरासमोर. आणि जमत नसेल तर तसं सांग. तुझ्या खुर्चीवर बसायला माणसं रांग लावून उभी आहेत."

जावईबापूंनी फोन ठेवला. पण एक आशा होती. रेडिओच्या प्रमुख बाई असल्या भांडणाला परवानगी देणार नाहीत. दुसऱ्या दिवशी ते तोंड पाडून बाईंकडे गेले. बाई खुर्चीतून उठल्याच.

"अहो, मी कधीपासून म्हणतेय तुमच्या कार्यक्रमात जरा भांडण हवं! नुसतं गोड गोड किती दिवस ऐकायचं? बुधवारी घेऊ. थेट प्रक्षेपण. श्रोत्यांचे फोनसुद्धा घेऊ."

"पण मग निवेदन कोण करणार? मी तर भांडणातलाच माणूस."

"तुम्हीच करा. दुसरं आहे कोण आपल्याकडे? बातम्यावाल्याचा घसा बसलाय."

आता उरले संपादक. ते तरी नाही म्हणतील, कारण गुपित राखण्याची अट त्यांचीच होती. जावईबापू त्यांच्या केबिनमध्ये शिरले आणि दार लावून सगळे सांगितले. संपादक त्यांचे कॉलेजातले मित्र होते. ऐकता ऐकता त्यांचे डोळे चमकू लागले.

"वा! गुरुवारी पहिल्या पानावर चौकट टाकू."

"अरे, तिऱ्हाईत मी आहे!"

"ते मला नको सांगूस. तू तिथे स्टुडिओत बस. तिऱ्हाईत म्हणून फोनवर मी बोलतो. आवाज जरा जाड काढतो, बघ, हं... 'नमस्कार, मी तिऱ्हाईत.'"

"तुला संगीतातलं काय कळतं?"

"शून्य. म्हणून तर तू लिहून देणार आणि मी वाचणार. त्यात काय एवढं?"

तेव्हा मंगळवारी संध्याकाळी जावईबापू जेवणाच्या टेबलावर दोन कोरे कागद घेऊन बसले. डावीकडच्या कागदावर तिऱ्हाईत क्लॅरिनेटवाल्याला झोडपत होता आणि उजवीकडच्या कागदावर क्लॅरिनेटवाला तिऱ्हाईताला उत्तर देत होता. बायको वह्या तपासत समोर बसली होती.

"कोण जिंकतंय?" तिने विचारले.

"अजून ठरलं नाही."

"स्वतःच्या बाजूने जरा जास्तच लिहितोयस हं."

"कुठल्या स्वतःच्या?"

ती पुन्हा वह्यांकडे वळली.

बुधवारी स्टुडिओतला लाल दिवा लागला तेव्हा काचेच्या या बाजूला जावईबापू आणि मास्तर बसले होते आणि त्या बाजूला तंत्रज्ञ आणि प्रमुख बाई. मास्तरांनी ठेवणीतला कोट घातला होता. रेडिओवर कोट दिसत नाही हे त्यांना सांगायचे धाडस कोणी केले नाही. संपादकांचा जाड आवाज फोनवरून आला आणि पहिली फेरी झोकात पार पडली. तिऱ्हाईताने टोमणा मारला, क्लॅरिनेटवाल्याने नम्र पण बोचरे उत्तर दिले. दोन्ही वाक्ये एकाच माणसाची असल्यामुळे ती एकमेकांना छान लागत होती. काचेपलीकडे बाई खुशीत मान डोलावत होत्या.

तेवढ्यात मास्तरांनी माइक स्वतःकडे ओढला.

"मला एक विचारायचंय. अहो तिऱ्हाईत, एवढा उत्तरार्ध ऐकलात म्हणता ना? मग सांगा बघू, क्लॅरिनेट नेमका कुठे चुकला?"

हा प्रश्न कुठल्याच कागदावर नव्हता. फोनमधून पाने उलटल्याची खसखस ऐकू आली.

"तो... मध्ये चुकला," संपादक म्हणाले.

"मध्ये म्हणजे कुठे?"

"म्हणजे सुरू झाल्यानंतर. आणि संपायच्या आधी."

"कुठलं वाद्य संपल्यावर?"

"पियानो."

"आमच्या वृंदात पियानो नाही!" मास्तर गरजले.

जावईबापूंनी आपला गोड आवाज लावला. "तिऱ्हाईतांना असं म्हणायचंय की, चेलो जिथे थांबतो तिथे श्वास घेण्यापुरती जागा आहे. त्या जागेत क्लॅरिनेटनं पायातल्या चपला काढून हळूच आत यायचं असतं. तिथे दाराशी कुणी आलंच नाही. असंच ना, तिऱ्हाईत?"

"अगदी बरोबर," संपादक म्हणाले.

मास्तरांनी डोळे बारीक केले. "आणि मला छडी हलवणारे सद्गृहस्थ म्हणालात, ते कशावरून?"

"ते... छडी हलत होती म्हणून."

"तिऱ्हाईतांना असं म्हणायचंय," जावईबापू पुन्हा धावले, "की त्या दिवशी वृंद इतका तयारीत होता की मास्तरांनी काही करायची गरजच उरली नव्हती. ती एक प्रकारे स्तुतीच आहे."

"स्तुती?" मास्तर विरघळल्यासारखे झाले, पण क्षणभरच. "मग पुढचं वाक्य? 'छडी थांबली असती तरी संगीत थांबले नसते.' त्याचा अर्थ काय?"

संपादकांना कंटाळा आला असावा किंवा पाने संपली असावीत. ते म्हणाले, "मला काय म्हणायचंय ते आता यांनाच विचारा. यांना जास्त माहितेय."

मास्तरांनी आधी फोनकडे पाहिले, मग जावईबापूंकडे, मग पुन्हा फोनकडे. त्यांच्या भुवया शनिवारच्याच जागी जाऊन पोचल्या.

"क्लॅरिनेट," ते सावकाश म्हणाले, "ह्याला काय म्हणायचंय ते तुला रे कसं ठाऊक?"

जावईबापूंनी तोंड उघडले. त्यातून काहीच आले नाही. रेडिओवर वाईट बोललेले चालते, चुकीचे बोललेले चालते, पण काहीच न बोललेले अजिबात चालत नाही. काचेपलीकडे बाई दोन्ही हातांनी 'बोला, बोला' करत होत्या. जावईबापूंना समोर आपली तिवई स्वच्छ दिसत होती आणि तिचे तिन्ही पाय एकदमच चालले होते. सगळी उमेद ज्या तीन कामांत घातली ती आता याच खोलीत, कोट घातलेल्या मास्तरांच्या साक्षीने संपणार, या विचाराने त्यांना अक्षरशः रडू येऊ लागले. तेवढ्यात तंत्रज्ञाने बोट वर केले. श्रोत्याचा फोन होता. जावईबापूंनी अधाशासारखे बटण दाबले.

"नमस्कार! 'सांजसूर'मध्ये आपलं स्वागत. कोण बोलतंय?"

"एक श्रोता."

आवाज खणखणीत होता, एकेक अक्षर सुटे करून बोलणारा. हाच आवाज सकाळी चहात साखर कमी आहे म्हणून ओरडला होता.

"मास्तर, प्रश्न तुम्ही अगदी योग्य विचारलात," सासूबाई म्हणाल्या. "त्याचं उत्तर मी देते. हा तुमचा क्लॅरिनेटवाला चोर आहे."

"काय?" मास्तर ताडकन उठले.

"चोर! मी ह्यांच्या नात्यातली आहे, रोज बघते. तिऱ्हाईतांचं सदर हे चक्क पाठ करतात. अक्षरन् अक्षर! रेडिओवर तुम्हाला ह्यांची जी चांगली चांगली वाक्यं ऐकू येतात ना, ती सगळी तिथून उचललेली. म्हणून तर त्यांना काय म्हणायचंय ते ह्यांना आधी कळतं. स्वतःचं असं काही सुचत नाही हो बिचाऱ्यांना."

मास्तर पुन्हा खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. "अस्सं होय! मला वाटलंच. एवढं ह्याला सुचायचं नाही."

"आणि तिऱ्हाईत, तुम्हाला सर्दी झालेली दिसतेय. आवाज किती जाड आलाय! फोन ठेवा आणि गोळी घेऊन झोपा बघू."

"हो, हो, झोपतो," संपादक म्हणाले आणि त्यांनी खरोखरच फोन ठेवला.

पुढची पंधरा मिनिटे श्रोत्यांचे फोन थांबेनात. बाईंनी कार्यक्रम वाढवला. बाहेर पडताना मास्तरांनी जावईबापूंच्या पाठीवर थाप मारली. "वाक्यं खुशाल चोर. शनिवारी तेवढा वेळेवर आत ये म्हणजे झालं." खुर्ची वाचली, कार्यक्रम वाचला, सदरही वाचले. पण घरी जाताना कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने "काय साहेब, आज कुणाचं ढापलं?" असे हसत विचारले तेव्हा जावईबापूंना ते फार लागले. आयुष्यात एकच गोष्ट त्यांनी पूर्णपणे स्वतःची म्हणून केली होती आणि नेमकी तीच चोरीची ठरली होती.

घरी सासूबाई रेडिओशेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. बायको दारातच उभी होती आणि तिला हसावे की रडावे ते कळत नव्हते.

"आई," जावईबापू म्हणाले, "तुम्ही सगळ्या शहरासमोर मला चोर म्हणालात."

"मग काय म्हणायला हवं होतं? खरं सांगायचं होतं का?"

"खरं म्हणजे?" बायकोने चाचरत विचारले.

"म्हणजे तिऱ्हाईत माझ्याच घरात राहतो आणि माझ्याच चहावर जगतो, हे."

जावईबापू होते तिथेच स्टुलावर बसले. "तुम्हाला... कधी कळलं?"

"पहिल्याच वर्षी. अहो, पेपरात संगीताचं पान आलं की तुमच्यासारखा माणूस आधी त्याच्यावर झडप घालेल. तुम्ही ते कधी हातातसुद्धा घेतलं नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत बसायचात. मी हसले की तुम्ही कपात बघून हसायचात. न वाचता! ज्यानं लिहिलंय त्यालाच न वाचता हसू येतं."

"आणि तू कुणाला बोलली नाहीस?" बायकोला अजून विश्वास बसत नव्हता. "वरच्या काकूंच्या केसांचं तर तू..."

"ते काय गुपित होतं? ते दिसत होतं!" सासूबाई उसळल्या. "अगं, अख्खी नोकरी मी एक्स्चेंजमध्ये काढली. ह्या शहरात कोण कुणावर रुसलं, कुणाचं लग्न कशानं मोडलं, सगळं ह्या कानांवरून गेलंय. एक शब्द बाहेर आला कधी? लोक विचारतात जावई काय करतात म्हणून. मी काय सांगते? मला विचारू नका. उगाच सांगते होय?"

इतकी वर्षे हे वाक्य ऐकले की त्यांना मान खाली घालावीशी वाटे. आता त्यांना उठून या बाईंचे पाय धरावेत असे वाटले. तसे करायला ते खरोखर उठलेही.

"आई, तुमचे उपकार..."

"ते राहू द्या. बसा खाली. त्या तिऱ्हाईतावर माझा राग आहे."

"का? काय केलं त्यानं?"

"'क्षणभर' लिहिलंय त्यानं. क्लॅरिनेटवादक क्षणभर फिरून आले! मी पुढच्याच रांगेत होते. चेलो थांबला तशी मी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला, तरी तुमचं आपलं, रविवारी पेपरात आलेलं ते खुर्ची सरकवायचं वाक्य जुळवणं चाललेलंच! इतक्या वर्षांत त्यानं कुणाला सूट दिली नव्हती. आता घरच्या माणसाला दिली. मला हे पटलेलं नाही."

पुढच्या रविवारी सदराच्या शेवटी बारीक टाइपात दोन ओळी आल्या. सासूबाईंनी टोस्ट बाजूला सारला आणि मोठ्याने वाचले: "'दुरुस्ती. मागील लेखात क्लॅरिनेटवादकाबद्दल क्षणभर असे छापले होते. ते चांगला चष्मा पुसून होईपर्यंत असे वाचावे.'" त्यांनी पेपर खाली ठेवला, जावयाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात माणूस!"

जावईबापू कपात बघून हसले. मास्तरांचा फोन येईपर्यंत ते हसतच होते.